आरसा निखळला ही आमची चूक. बाकीच्या तक्रारींविषयी खुलासा

नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. गाडीतला खाली कळ असलेला साधा आरसा काढून आपण आमच्याकडून आपोआप मंद होणारा, वापरलेला पण चालू स्थितीतला आरसा कमी खर्चात बसवून घेतला. तो आठव्या दिवशी बटणासकट निखळून पडला, मागच्या दिव्यांची तिरीप अजूनही डोळ्यांवर येते, गाडी मागे घेताना आरसा बंद पडतो आणि आरशापेक्षा वायरिंगची मजुरीच जास्त लागली, अशा आपल्या तक्रारी आहेत. आपल्या मित्राने लावलेला, मूळ आरशावर क्लिपने चढवायचा रुंद आरसा आम्ही का सुचवला नाही, असेही आपण विचारले आहे, आणि शेवटी लिहिले आहे की यापेक्षा जुना आरसाच बरा होता. या शेवटच्या वाक्यात आपल्याला वाटते त्याहून अधिक तथ्य आहे. त्याकडे पुढे येतो.

आरसा पडला तो माझ्या घाईमुळे. आरसा ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर अडकतो त्याला आम्ही बटण म्हणतो. आपल्या गाडीचे मूळ बटण नव्या आरशाच्या खाचेत बसत नव्हते, म्हणून ते काढून दुसरे चिकटवावे लागले. गाडीच्या पुढच्या काचेवरचा जुना ग्लू पात्याने खरवडणे, ती जागा अल्कोहोलने पुसणे, ॲक्टिव्हेटर, म्हणजे ग्लू लवकर पकड घ्यावा म्हणूनचे रसायन, लावून तो वाळू देणे, मग ग्लूचा थेंब देऊन बटण मिनिटभर दाबून धरणे, हे सगळे कारागिराने रीतसर केले. हा ग्लू लगेच पकड घेतो आणि त्यामुळेच माणूस फसतो. बोटाने ढकलले तर बटण जागचे हलत नाही, पण रोजचे हादरे सोसत आरशाचा भार पेलण्याइतकी ताकद त्यात यायला बराच वेळ लागतो, आणि काच गार असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून बटण चिकटवल्यावर 24 तास आरसा अडकवायचा नाही, असा आमचा नियम आहे. त्या संध्याकाळी काच गार होती, आपल्याला दुसऱ्या दिवशी लांब जायचे होते, आणि कारागीर नको म्हणत असताना मीच आरसा अडकवून गाडी देऊन टाकायला सांगितले. उजेड ओळखणारा सेन्सर आणि दुहेरी काच असलेला आरसा साध्या आरशापेक्षा जड असतो, हे मला ठाऊक होते. त्यामुळे यात कारागिराचा दोष नाही आणि ग्लूचाही नाही.

पडण्याआधी तीन-चार दिवस आरशातले दृश्य थरथरत होते, असे आपण लिहिले आहे. ती बटणाची पकड सुटू लागल्याची खूण असावी, आणि असे झाले तर लगेच फोन करावा, हेही आम्ही आपल्याला सांगितले नव्हते. 1911 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या पहिल्या शर्यतीत रे हॅरॉन यांनी गाडीला मागचे दिसावे म्हणून आरसा लावला होता, आणि विटांच्या त्या धावपट्टीवर तो इतका थरथरे की त्यात काही दिसतच नसे, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे वाचायला मिळते. थोडक्यात, आरशाइतकेच त्याच्या बैठकीकडे लक्ष द्यावे लागते, ही आमच्या धंद्यातली फार जुनी गोष्ट आहे आणि ती विसरण्याला सबब नाही.

आता जुन्या आरशाविषयी. त्याची काच पाचरीसारखी, वर जाड आणि खाली बारीक अशी असते. दिवसा आपण मागच्या चंदेरी थरातले प्रतिबिंब पाहतो. कळ ओढली की तो थर छताकडे वळतो आणि डोळ्यांपर्यंत फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येणारा, म्हणजे साधारण 4 टक्केच उजेड पोहोचतो. आपोआप मंद होणारा आरसा एवढा काळवंडत नाही. त्याच्या दोन काचांमधले जेल विजेचा हलका दाब मिळाल्यावर काही सेकंदांत गडद होते, पण मागचे वाहन ओळखू येईल इतके प्रतिबिंब मुद्दाम शिल्लक ठेवले जाते. अंधाऱ्या रस्त्यावर पाठीमागे एकच प्रखर दिव्यांची गाडी असेल, तर आपला जुना आरसा खरोखरच अधिक आराम देत असणार. नव्याचा उपयोग मागचे दिवे सतत येत-जात असतात तिथे होतो, कारण दर वेळी कळ ओढायला हात वर न्यावा लागत नाही. आपला प्रवास बहुतेक अशाच अंधाऱ्या महामार्गावरचा आहे, हे मी आधी विचारून घेतले असते तर मी आपल्याला खर्च न करण्याचाच सल्ला दिला असता.

उजव्या बाजूने येणारी तिरीप मात्र या आरशातली नाही, ती बाहेरच्या आरशातली आहे, आणि आतला आरसा बदलून ती जात नाही. डोके खिडकीच्या काचेला टेकवून पाहिल्यावर आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल, इतका तो आरसा बाहेर वळवून पाहावा. सरळ बसल्यावर मागच्या दिव्यांचा झोत बराचसा डोळ्यांच्या बाजूने निघून जातो, शेजारच्या पट्ट्यातले न दिसणारे वाहनही अधिक दिसते, आणि याला खर्च काहीच येत नाही.

गाडी मागे घेताना आरसा बंद पडत नाही. मागचे स्वच्छ दिसावे म्हणून रिव्हर्स गिअर पडताच तो मुद्दाम उजळ होतो. त्यासाठी मागच्या दिव्यापासून छताच्या अस्तरातून एक वायर आणावी लागते, आणि मजुरी वाढली ती मुख्यतः याच वायरमुळे. किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजमधून वीज घेणे, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही, आणि पुढच्या काचेलगतच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून न नेता मागून बांधणे, या कामांत मी काटकसर करणार नाही. करायचीच असेल तर ती वापरलेला आरसा घेऊन करावी. पण रिव्हर्सची वायर नसली तरी आरसा चालतो. तो पर्याय आम्ही आपल्यापुढे ठेवला नाही, म्हणून तेवढी मजुरी परत करत आहोत.

क्लिपचा रुंद आरसा मी सहसा सुचवत नाही. तो जुन्या आरशावर चढवला की खालची कळ निरुपयोगी होते, नव्यावर चढवला तर सेन्सर झाकला जातो. त्याची काच फुगीर असली तर मागची वाहने आहेत त्यापेक्षा लहान आणि दूर भासतात, शिवाय त्याचे वजन त्याच बटणावर येते.

पडलेल्या आरशाच्या कडेला तडा, बुडबुडा किंवा ओलसरपणा दिसत असेल, तर तो हाताळू नये. आतले जेल त्वचेला आणि गाडीतल्या प्लास्टिकला अपायकारक ठरू शकते. काच शाबूत असल्यास सकाळी गाडी आणून दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे ठेवावी, म्हणजे बटण पूर्ण वेळ देऊन पुन्हा बसवता येईल. आपल्याला जुनाच आरसा हवा असेल तर तो मूळ बटणासह बसवून आम्ही नव्याचे सगळे पैसे परत करू. दोन्हींची मजुरी लागणार नाही. जुना आरसा आणि त्याचे बटण आम्ही आपल्याला खोक्यात घालून दिले होते. येताना तो खोका सोबत आणावा.