कडुलिंब, माशांवरच्या उवा आणि तुमचं तळं

दादा, तुमची कमेंट वाचली. तुम्ही म्हणता तळ्यात पोत्यांनी कडुलिंबाचा पाला टाकला, रोहू-कटल्याच्या उवा गेल्या नाहीत, उलट पहाटे मासे मरून वर आले, म्हणजे झाडपाला सगळं थोतांड, आता सरळ गोचिडाचं औषध मारणार. नुकसान वाचून खरंच वाईट वाटलं. पण थोतांड नाही हो.

मासे बहुतेक ऑक्सिजन कमी पडून गेले. पाला कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढतो, आणि पहाटे तो आधीच सगळ्यात कमी असतो. शिवाय कडुलिंबाचा अर्क जास्त झाला तर माशालाही विषच आहे, झाडाचं आहे म्हणून बिनमापाचं चालतं असं अजिबात नाही.

उवांवर चालतं ते कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य. मुंबईच्या सीआयएफईत, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत, ऊ म्हणजे अर्ग्युलस लागलेल्या गोल्डफिशवर याचे प्रयोग झालेत, पिंपळीतल्या पायपरीनचेही झालेत, पण टाकीत आणि मोजून. आता 20 बाय 20 मीटरचं तळं धरा, पाणी दीड मीटर, म्हणजे झालं 6 लाख लिटर. लिटरला 1 मिलिग्रॅम म्हटलं तरी 600 ग्रॅम शुद्ध अझाडिरॅक्टिन, म्हणजे दुकानातलं 10,000 पीपीएमवालं (लिटरला साधारण 10 ग्रॅम) साठेक लिटर, आणि फवारणीसाठी त्यात जे बाकीचं मिसळलेलं असतं ते माशाला सोसेलच असं नाही. म्हणून मी म्हणतो अर्क वापरायचा तो बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) तळ्यात सोडायच्या आधी टबात, तोही मत्स्यतज्ज्ञाला माप विचारून आणि आधी चार-पाच माशांवर बघून.

तळ्यात खरी लढाई अंड्यांशी आहे. भिंगाखाली ऊ बघा, चपटी, काचेसारखी, दोन काळे डोळे, पोटाकडे दोन गोल चूषकं, खवल्यावरून सरसर सरकते. पण मादी अंडी घालायला मासा सोडते आणि दगड, बांबू, असल्या कडक जागी ओळीने चिकटवते. अंड्यांवर औषधं फारशी चालत नाहीत, त्यामुळे मोठ्या उवा मेल्या तरी थोड्या दिवसांत नवीन पिल्लं हजर. तळ्यात बांबूच्या कामट्या उभ्या करा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, परत लावा, कंटाळा करू नका.

आणि गोचिडाचं औषध सध्या थांबवा. ऊ कवचधारी, कटला ज्यावर जगतो ते पाण्यातले बारीक जीवही बरेचसे कवचधारीच, तेही त्यातच मरतात. आधी कुजका पाला बाहेर काढा, पहाटे एरेटर नाहीतर पंप लावून पाणी खेळवा, आणि जाळ्यात आलेल्या दहा-बारा माशांवर किती उवा दिसतात ते मोजून इथेच लिहा.