स्कॉटलंडचे दगडी शेतवाडे मध्ययुगीन नाहीत

स्कॉटलंडमधील दगडी शेतवाड्यांची छायाचित्रे सध्या एका मजकुरासह सर्वत्र फिरत आहेत. हे वाडे मध्ययुगापासून जसेच्या तसे उभे आहेत, कसणाऱ्यांनी ते स्वतःच्या बळावर बांधले आणि यंत्राला तेथे कधी थारा मिळाला नाही, असा त्यात दावा आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

आधी वयाचा प्रश्न घेऊ. अठराव्या शतकापर्यंत बहुतेक कुळे लहान वस्त्यांत राहत आणि जमिनीचे विखुरलेले पट्टे वाटून कसत. घरांच्या भिंती पुष्कळदा गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या असत. कराराची मुदत थोडी असल्याने पक्क्या बांधकामावर खर्च करणे कुळाला परवडत नसे, आणि लाकूड दुर्मीळ असल्याने घर सोडताना छताचे वासेही काढून नेले जात. अशी घरे आज क्वचितच उरली आहेत. चौकाभोवती बांधलेले वाडे बहुतांशी १७६० नंतरचे आहेत. ईस्ट किलब्राइडजवळच्या वेस्टर किटोकसाइडची जमीन रीड कुटुंबाकडे १५६७ पासून होती, पण तेथले आजचे घर १७८० च्या दशकातले आहे. जमिनीचे वय इमारतीला चिकटवल्यामुळे ही गफलत होते.

बांधकामामागे मुख्यतः जमीनदारांचा पैसा आणि कायद्याचे बळ होते. १६९५ च्या कायद्याने सरमिसळ पट्ट्यांची विभागणी सोपी केली. १७७० च्या कायद्याने, ठरलेल्या वारसांसाठीच राखून ठेवलेल्या, म्हणून विकता न येणाऱ्या जमिनींच्या मालकांना दीर्घ मुदतीचे करार करण्याची आणि सुधारणांच्या खर्चाचा मोठा हिस्सा वारसांवर टाकण्याची मुभा दिली. याच फेररचनेत असंख्य गरीब उपकुळांची जमीन सुटली, आणि त्यांचा उल्लेखही न करता हे वाडे कसणाऱ्यांच्या नावावर मांडणे मला अन्यायाचे वाटते.

यंत्राबद्दलचे विधान तर वाड्यांची रचनाच खोडून काढते. ईस्ट लोदियनच्या अँड्र्यू मीकल यांनी १७८० च्या दशकात चालणारे मळणीयंत्र घडवले, आणि ते फिरवणाऱ्या घोड्यांसाठी मळणीघराला लागून गोल किंवा अनेककोनी खोल्या उभ्या राहिल्या. पुढे वाफेचे इंजिन आले. लोदियन भागातील कित्येक वाड्यांवर त्याची उंच धुराडी अजून दिसतात. हिवाळ्यात गुरांना सलगम चारून खत साठवण्यासाठी चौकात गोठे आले आणि पावसाने खताचा कस वाहून जाऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांतले अनेक चौक छपराखाली गेले.