परदेशातून: कडवी आपापली, धृपद लॅटिन

मुंबईच्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, भाषेवरून होणारी कुरबुर जुनीच आहे. सोयीची वेळ इंग्रजीला, मराठीला आडवेळ, कोकणी आणि तामिळ भाविक आणखी वेगळ्या वेळी. सणाला सगळे एकत्र आले की एक वाचन मराठीत, एक कोकणीत, विनंत्या चार-पाच भाषांत. वाटणी समान दिसते, पण सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते नेमकं इंग्रजीच्या पदरात पडतं.

इथे दुबईत सेंट मेरीज चर्चच्या एकाच छपराखाली इंग्रजी, अरबी, टागालोग, मल्याळम, कोकणी, तामिळ अशा मिस्सा होतात. परक्या मुलखात मातृभाषेतली मिस्सा हा मोठाच आधार. पण वसईकर आणि फिलिपिनो एकाच बाकावर बसले, तर दोघांना सोबत म्हणता येईल असं फारसं काही उरत नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळी संध्याकाळच्या मेणबत्ती मिरवणुकीत ही अडचण सोपी करून टाकली आहे. गाण्याची कडवी वेगवेगळ्या भाषांत, धृपद मात्र सगळ्यांचं लॅटिन: ‘आवे, आवे, आवे मारिया’. मुंबईत लॅटिन हवी ती इतकीच, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या भागांपुरती.

लॅटिनचं नाव काढलं की आपल्याकडे ‘म्हणजे जुनी मिस्सा परत आणायची?’ असा प्रश्न येतो. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निर्बंध घातले ते 1962 च्या मिस्सा-ग्रंथानुसार होणाऱ्या विधीवर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, आज आपण करतो ती मिस्साही मुळात लॅटिनमध्येच लिहिलेली आहे. या परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषेला दार उघडलं आणि त्याच दस्तऐवजात भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावेत, असं सांगितलं. 1974 मध्ये पोप सहावे पॉल यांनी साध्या चालींची ‘युबिलाते देओ’ ही पुस्तिका जगभरच्या बिशपांकडे धाडली, ती याचसाठी.

मुंबईसाठी अशी पुस्तिका छापायची तर देवनागरीत छापावी; रोमी कोकणी वाचणाऱ्यांसाठी शेजारी रोमन रकाना. मराठी माणसाला लॅटिन उच्चार जड नाहीत, इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे ते बिघडतात. ‘डॉमिनस’ नव्हे, ‘दोमिनुस’. त आणि द दंत्यच. ‘आग्नस डे’ नव्हे, ‘आन्युस देई’ (‘देवाचं कोकरू’). ‘पाचेम’मधला च चिमणीतला, चाकातला नव्हे. ‘तोल्लिस’, ‘पेक्काता’ यांतली जोडाक्षरं आपण ‘पक्का’ म्हणतो तशी दाबून म्हणायची. ‘एक्सेल्सिस’ ऐवजी चर्चच्या इटालियन वळणाच्या उच्चारात ‘एक्शेल्सिस’.

सुरुवात ‘कीरिए एलेइसोन’ने (‘प्रभो, दया कर’) करावी. (ती ग्रीक आहे, पण लॅटिन मिस्सेत शतकानुशतकं मुरलेली.) मग ‘सांक्तुस’ (‘पवित्र, पवित्र’), मग ‘आन्युस देई’. एका भागाला निदान चार रविवार, मिस्सेआधी पाच मिनिटं, आणि वर्षभर चाल बदलायची नाही. फसतं ते बहुधा क्वायरमुळे. सूर इतका वर धरतात की बाकांवरचे पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. दुसरा शत्रू कीबोर्डचा तयार ठेका. ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या या जुन्या लॅटिन गायनाला, ताल नाही, शब्दाच्या आघातावर ते चालतं. ठेका लावला की लोक शब्द सोडून मात्रा मोजू लागतात. त्यापेक्षा वाद्याविना, बोलण्याच्या वेगाने गावं.

लॅटिन आपल्याकडे आली पोर्तुगिजांबरोबर, हा आक्षेप खरा आहे. पण इंग्रजीही कोणाबरोबर आली ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लॅटिन निदान आज मुंबईत कोणाच्याच घरची नाही. तिच्यामुळे कोणाची मुलं पुढे जात नाहीत की कोणाची मागे पडत नाहीत. आणि फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापून निघालं, तेव्हा मिस्सा लॅटिनच होती. एकीमुळे दुसरी अडली नाही. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक बांधवांची परंपरा मात्र सिरियाक या वेगळ्याच जुन्या भाषेची. त्यांच्या विधीत लॅटिन घुसवायचं कारण नाही.

वाचनं आणि प्रवचन मातृभाषेतच राहावीत. ‘क्रेदो’च्या, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ या श्रद्धाघोषणेच्या, वाटेलाही इतक्यात जाऊ नये. ते लांब आहे, आणि ज्यावर विश्वास ठेवायचा ते आधी मराठीत नीट समजलेलं बरं.