व्हायोलिन झकास, पण पखवाज कुठंय?
लेखात लिहिलंय की अभंग न् देशभक्तीची गाणी शब्द काढून नुसत्या ऑर्केस्ट्रावर वाजवलेला हा अल्बम अंगावर काटा आणतो, म्हणून काल रात्री लूम बंद झाल्यावर कारखान्यातच मोबाईलवर लावला. व्हायोलिन, चेलोवर मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर सरकत जाणं) काय उतरलीय, गळाच वाटतो, पण तीच ओळ पियानोवर आली की सूर तुटक पडतात, दोन पट्ट्यांच्या मधी सरकायला जागाच नाही ना. आणि अभंगाला टाळ-पखवाज सोडून ते ढमढम ड्रम कशाला राव? वंदे मातरम् मात्र संथ घेतलंय, तिथं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले सोलापूरचे चार हुतात्मे आठवले (गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर जत्रेच्या गडबडीत ती तारीख दरवर्षी माझ्याकडनं राहूनच जाते). तेवढा ट्रॅक परत लावला.