खुलासा : बावचीचं तेल आणि कोड

‘बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसा, २१ दिवसांत कोड गायब. दूध-मासे एकत्र खाणं मात्र सोडा, कोड त्यानंच होतं.’ असा मजकूर सध्या फिरतोय.

आधी मासे. दूध-माशांनी कोड होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते, म्हणून पांढरे डाग पडतात. कोड संसर्गजन्यही नाही.

बावचीची गोष्ट जरा गुंतागुंतीची. ही औषधी वनस्पती थोतांड नाही. तिच्यात सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं. त्यानं त्वचा उन्हाला हळवी होते. याच गुणावर ‘पुवा’ उपचार (सोरॅलेन देऊन त्वचेवर अतिनील किरणं सोडणं) उभा राहिला, पण त्यात औषधाचा डोस आणि किरणांची मात्रा दोन्ही मोजलेली असतात. गच्चीवर ते कोण मोजणार? तेल लावून उन्हात बसलं की एक-दोन दिवसांत डाग लालबुंद होऊ शकतो, टरारून फोड येऊ शकतात. कोडात भाजल्या-खरचटल्या जागी नवा डाग उठू शकतो, म्हणजे इलाजच अंगाशी येतो. बावचीचं चूर्ण पोटात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

२१ दिवसांचा वायदा तर सोडूनच द्या. रंग परततो तो केसांच्या मुळांभोवती तपकिरी ठिपक्यांनी, तोही महिनोन्महिने. चेहऱ्यावर लवकर, बोटांच्या टोकांना बहुधा येतच नाही. आजकाल उपचारात ‘पुवा’पेक्षा नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा) जास्त वापरतात.

तेल आधीच लावलं असेल तर धुऊन टाका, ऊन टाळा. फोड आले असतील तर फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.