टाइमआउट कमी केला म्हणून मीटर लवकर बोलत नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: विजेच्या मीटरशी मॉडबस या भाषेत बोलून आकडे गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ड्रायव्हरला, मी मूळ लेखात सुचवलेला ३ सेकंदांचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) तुम्हाला पुस्तकी वाटतो. त्याने २४ मीटरची फेरी रखडते, म्हणून तुम्ही तो ३०० मिलिसेकंदांवर आणलात आणि सगळं झकास चाललंय. शिवाय तारेवरच्या वेगाबद्दल, ‘९६०० बॉड आता कोण ठेवतं? साइटवर कधी गेला आहात का?’

गेलोय हो. भोसरीच्या एका कारखान्यात पॅनेलमागे उकिडवं बसून, मोबाईलचा टॉर्च दातात धरून मीटरच्या ए आणि बी या दोन सिग्नल वायरी अदलाबदल करून पाहिल्यात. (एका मीटरचा ए हा दुसऱ्याचा बी निघतो. अक्षरांवर मी आता भरवसाच ठेवत नाही.)

बॉड रेटचं तुमचं म्हणणं मान्य. ‘९६००, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट’ (पॅरिटी म्हणजे चूक ओळखायचा जादा बिट, स्टॉप बिट म्हणजे प्रत्येक अक्षराच्या शेवटची खूण) हे मी नियम असल्यासारखं लिहिलं होतं, ते चुकलंच. मॉडबसच्या सिरियल लाइनच्या मानकात डिफॉल्ट १९२०० आणि इव्हन पॅरिटी आहे; पॅरिटी नको असेल तर दोन स्टॉप बिट. एका लाइनवरच्या सगळ्या मीटरना मात्र एकच सेटिंग लागतं. एखादा जुना मीटर ९६०० च्या वर जात नसेल, तर बाकी तेवीस जणांना त्याच्या चालीने चालावं लागतं.

टाइमआउटचं मात्र मला पटलेलं नाही. मीटरने ८० मिलिसेकंदांत उत्तर दिलं तर ड्रायव्हर लगेच पुढे जातो, तुमचा टाइमआउट ३ सेकंद असो की ३०. तो पूर्ण वेळ खर्च होतो फक्त मुक्या मीटरवर. दोन मीटर बंद असतील आणि प्रत्येकी तीन प्रयत्न असतील, तर फेरीत १८ सेकंद गेले. ते वाचवायला बंद मीटर काही मिनिटं स्कॅनबाहेर ठेवायची सोय बऱ्याच ड्रायव्हरमध्ये असते. तिला ‘ऑटो डिमोशन’ किंवा असंच काही नाव असतं. ती चालू करा. जिवंत मीटरचा गळा आवळून काय मिळणार?

आता ३०० ला मी का घाबरतो ते सांगतो. याच भोसरीच्या जागी आरएस-४८५ ची लाइन (सगळे मीटर जोडणारी तार) एका इथरनेट कन्व्हर्टरवर आणली होती आणि त्यातून आरटीयूच्या (सिरियल लाइनवरच्या मॉडबसच्या) फ्रेम, म्हणजे संदेश, जशाच्या तशा पुढे जात होत्या. टाइमआउट ३०० मीच ठेवला होता, कोणाला सांगू नका. मीटर एरवी चटकन उत्तर द्यायचे, पण दर १५ मिनिटांनी लोड प्रोफाइलची, म्हणजे वीजवापराची, नोंद करताना त्यातला एक चारशेच्या पुढे जायचा. ड्रायव्हरने व्होल्टेज विचारलं, ३०० ला कंटाळून पुन्हा विचारलं. तेवढ्यात पहिलं उत्तर आलं, तेच त्याने दुसऱ्या प्रश्नाचं म्हणून घेतलं. मग त्याने फ्रिक्वेन्सी विचारली, तर दारात व्होल्टेजचं दुसरं उत्तर उभं. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात २३१. त्यापुढे करंटच्या रकान्यात ४९.९.

कारण साधं आहे. आरटीयूच्या उत्तरात मीटरचा पत्ता, फंक्शन कोड, बाइटची संख्या, आकडे आणि सीआरसी (चूक तपासायचा आकडा) असतो. कुठल्या रजिस्टरचे (मीटरमधल्या कुठल्या खणाचे) आकडे ते त्यात नसतंच. मीटर तोच, लांबी तीच, सीआरसी बरोबर, मग ड्रायव्हरने संशय तरी का घ्यावा? मॉडबस टीसीपीत (नेटवर्कवरच्या मॉडबसमध्ये) प्रत्येक प्रश्नाला ट्रान्झॅक्शन क्रमांक असतो, म्हणून तिथे उशिराचं उत्तर ओळखू येतं. पुढच्या मीटरची पाळी आली की पत्ता जुळत नाही आणि गाडी रुळावर येते, त्यामुळे घोळ पाच-सात रकान्यांपुरताच राहतो. फ्रिक्वेन्सी २३१ दिसली म्हणून मी पकडलं. ४९.९ अँपिअर बघून कोणाची भुवई उंचावली असती? सोलरच्या मीटरवर आयात आणि निर्यात युनिटं अशी अदलाबदल झाली तर बिल निघेपर्यंत पत्ता लागणार नाही.

फेरी रखडण्याचं खरं औषध वेगळंच आहे, आणि मूळ लेखात ते मी लिहायलाच विसरलो होतो. २५ राशी एकेक करून विचारल्या तर ९६०० वर दर प्रश्नोत्तराला तारेवर साधारण २० मिलिसेकंद आणि मीटरच्या विचाराला ८०, म्हणजे अडीच सेकंद. प्रत्येक राशीची दोन, अशी तीच ५० रजिस्टरं एका दमात मागा. पाव सेकंदाच्या आत काम होतं. एका वेळी १२५ पर्यंत मागता येतात. मधे रिकामा पत्ता आला की काही मीटर अपवाद क्रमांक ०२ (‘असा पत्ता नाही’) फेकतात. तिथे एका दमात मागायचा ठोकळा तोडायचा. एका मीटरला एकच ठोकळा असेल तर रकाने सरकायचा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या ड्रायव्हरच्या डायग्नॉस्टिक्समध्ये कमाल प्रतिसादवेळ दिसत असेल. ती पाच मिनिटांची नको, अख्ख्या शिफ्टची बघा, आणि टाइमआउट तिच्या दुप्पट तरी ठेवा. कन्व्हर्टर असेल तर त्याच्या स्वतःच्या टाइमआउटपेक्षा ड्रायव्हरचा मोठा हवा. दुप्पट करूनही आकडा ३०० च्या आत बसला, तर इथेच कळवा. बॉड रेटची ओळ मी आजच दुरुस्त केली आहे. ३ सेकंदांचीही करेन.