आलंच, हे काय!

आपल्याकडे घाटात सायकल चढवताना धाप लागली की रस्त्याकडेच्या कुणालाही विचारावं, "अजून किती?" उत्तर ठरलेलं असतं: "आलंच, हे काय!" विचारणारा पायथ्याशी असो की माथ्याच्या शंभर फूट खाली, उत्तरात फरक नाही. सिंहगडाच्या घाटात ताक विकणाऱ्या बायकांनी मला वर्षानुवर्षं असंच फसवत वर नेलंय आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. वळणापलीकडे काय वाढून ठेवलंय हे माहीत नसतं, म्हणूनच माणूस वळण घेतो. लग्नं तरी दुसऱ्या कशावर होतात?

फ्रान्सच्या आल्प्समध्ये ही दयामाया नाही.

माझा भाचा ग्रनोब्लला असतो, चिपच्या कंपनीत. (खायच्या नव्हे. त्याच्या आजीला हे अजून पटलेलं नाही.) इथून गेला तेव्हा त्याला कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तरी स्कूटर लागायची. आता घराच्या तळघरात सायकलींची रांग आहे आणि डोक्यावर केस सोडून अंगावर कुठे केस नाही. मी पुण्यात दर रविवारी सायकल चालवते, हे त्याच्या आईने त्याला अभिमानाने कळवलं होतं. त्यामुळे मी पोचले, चहा झाला, सामोसे झाले आणि सामोशांच्या तेलकट कागदाशेजारी त्याने नकाशा पसरला.

"मावशी, तुझ्यासाठी सोपे रूट काढलेत. बघ, दरी कशी सपाट आहे."

दरी सपाट आहे, यात खोटं काही नाही. ग्रनोब्लपासून साधारण पन्नास किलोमीटरवर बूर द्वाझाँ नावाचं गाव आहे, तिथे रोमाँश नदीचं पात्र ताटासारखं पसरलंय. बाराव्या शतकाच्या अखेरीस दरड कोसळून नदी अडली, मोठं तळं झालं आणि 1219 मध्ये तो बांध फुटून खालचं ग्रनोब्ल धुऊन निघालं. त्या तळ्याच्या जागेवर हे गाव सपाट बसलंय. पण या सपाटीचा उपयोग एवढाच की तिच्यावर उभं राहून चहूबाजूंचे चढ नीट दिसतात. गावातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता वर जातो. भाच्याचे सगळे सोपे रूट पहिले दीड किलोमीटर खरोखरच सोपे होते.

पहिला रूट आल्प दुएझ या डोंगरावरच्या गावाचा. भाड्याच्या सायकलींच्या दुकानातल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काही न बोलता मागच्या चाकाला सगळ्यात मोठ्या चकतीची कॅसेट असलेली, म्हणजे चढाला सगळ्यात हलका गिअर असलेली सायकल काढून दिली. दिवसभरातला सगळ्यात विचारी माणूस तोच.

या घाटाला 21 वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर पाटी आहे. पाटीवर वळणाचा क्रमांक, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि टूर डी फ्रान्स या सायकल शर्यतीचा इथला टप्पा जिंकलेल्या वीराचं नाव. क्रमांक उलटे लावलेत: सगळ्यात खाली 21, सगळ्यात वर 1. म्हणजे किती झालं हे कुणी सांगत नाही, किती उरलंय ते मात्र सरकारी खर्चाने सांगतात. लांबी 13.8 किलोमीटर, चढ सरासरी आठ टक्के. ही सरासरीसुद्धा वरच्या सोप्या तुकड्यांनी खाली ओढलेली. सुरुवातीचे दोन किलोमीटर दहाच्या आसपास आहेत, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की दहा मीटर वर. तीन मजले! आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडते तेव्हा तीन मजल्यांसाठी आम्ही वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो.

वळण 21 आलं. पाटीवर इटलीचा फाउस्तो कोप्पी. 1952 मध्ये टूर इथे पहिल्यांदा चढली तेव्हा तो जिंकला होता. मी मनाशी म्हटलं, चला, एक झालं. तेवढ्यात भाचा मागे वळून म्हणाला, "मावशी, वीस उरली."

त्याला म्हटलं, "तू पुढे हो."

"नाही गं, मी तुझ्याबरोबर आहे." आणि तो होता! माझ्या वेगाने चालवताना त्याला पॅडल मारण्याचं सोंग करावं लागत होतं. मधूनच तो हात सोडून जर्सी नीट करायचा, डोंगरांची नावं सांगायचा. मला त्या वेळी दिसत होतं ते हँडलवर नाकाच्या शेंड्यावरून पडणारे घामाचे थेंब आणि त्यांच्यात पोहायला आलेली एक माशी. ही माशी 19 क्रमांकाच्या वळणापासून 16 पर्यंत माझ्या मनगटावर बसून होती. तिला पंख होते, तरी माझ्याबरोबर येण्यात तिला काय सुख वाटलं कळत नाही. 16 ला एक मडगार्डवाली सायकल पुढे गेली, तिच्याबरोबर ती निघून गेली. वेग माशीलाही कळतो.

पुढे जाणाऱ्यांचं वेगळंच. फ्रान्समध्ये मागून येऊन पुढे जाणारा प्रत्येक सायकलस्वार "बाँजूर" म्हणतो. शिष्टाचार उत्तम, पण बाँजूरला बाँजूर म्हणावं लागतं आणि त्याला हवा लागते. पहिल्या काही जणांना मी पूर्ण शब्दात उत्तर दिलं. मग नुसतं "जूर". मग मान. नंतर पापण्या. एका पांढऱ्या मिशीवाल्या आजोबांनी, ज्यांना आपल्याकडे बसमध्ये जागा करून दिली असती, बाँजूर म्हटलं, "कुराज" म्हणून धीर दिला आणि वर पाठीवर हात ठेवून चार पावलं मला ढकललंसुद्धा. ती चार पावलं त्या घाटातली माझी सर्वोत्तम कामगिरी आहे.

एका वळणावर फोटोग्राफर उभे असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढतात आणि शेजारून पळत येऊन खिशात कार्ड कोंबतात, घरी जाऊन फोटो विकत घ्या म्हणून. माझ्याशेजारी मात्र त्या माणसाला पळावं लागलं नाही. तो आरामात चालत आला, कार्ड दिलं, पाठचा-पुढचा फोटो काढला, पाणी प्यायला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला. पुढे भाच्याने ते फोटो हौसेने विकत घेतले. त्यात मागे बर्फाचे डोंगर सुरेख आलेत. पुढे जे आलंय त्याबद्दल माझ्या बहिणीने "हे घरच्या ग्रुपवर टाकू नकोस" एवढंच म्हटलं.

सातवं वळण डच लोकांचं. 1976 ते 1989 या काळात डच सायकलपटूंनी इथे आठ वेळा बाजी मारली, तेव्हापासून टूरच्या दिवशी तो कोपरा नारिंगी, म्हणजे त्यांच्या देशाच्या रंगाचा, होऊन जातो. ज्या देशात पुलावर चढलं तरी घाट वाटावा, त्या देशाच्या लोकांना या डोंगराचं एवढं वेड! टूर नसतानाही ते असतात. एक डच जोडपं छत्रीखाली खुर्च्या टाकून सँडविच खात बसलं होतं. भाच्याने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि मग मला माहिती दिली की जून महिन्यात हजारो डच लोक इथे येतात, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला, आणि एका दिवसात हाच घाट सहा वेळांपर्यंत चढतात. 2006 पासून चाललंय हे. सहा वेळा! मी त्या खुर्चीकडे बघत होते. कार्य स्तुत्य आहे, वर्गणी मी बसल्या जागेवरून दिली असती.

इथून पुढे मी पाट्या न बघण्याचं ठरवलं. मान खाली, नजर पुढच्या चाकावर. पण भाचा होता ना. "मावशी, पाच. मावशी, चार. मावशी, माहितीये का, इटलीच्या पँटानीने 1997 मध्ये हा अख्खा घाट 38 मिनिटांच्या आत संपवला होता." मला 38 मिनिटं कधीच मागे पडली होती, बहुतेक त्या माशीबरोबर. त्याला वाटलं असावं की बायकांचं उदाहरण दिलं तर मला हुरूप येईल. म्हणाला, 2024 ची बायकांची टूर इथेच संपली, पोलंडची कासिया निएवियादोमा सगळी टूर अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली, डेमी व्होलरिंग मागे राहिली. आठवडाभर सायकल मारून 4 सेकंद! मला तेवढ्यात चष्मासुद्धा पुसता येत नाही. तरी या एका माहितीने खरंच बरं वाटलं. त्या दोघींनी सेकंद मोजले, मला निदान ती सक्ती नव्हती.

वर पोचले. पहिल्या क्रमांकाच्या वळणानंतर घाट संपतो, असं कुठल्याही सरळ मनाच्या माणसाला वाटेल. पुढे गावातून टूरच्या अंतिम रेषेपर्यंत आणखी चढ आहे आणि त्या तुकड्यावर पाट्या नाहीत. वीस-एकवीस वळणं इमानाने सगळं सांगणारे लोक ऐन शेवटी गप्प झाले.

बाकीच्या रूटांबद्दल फार लिहीत नाही, गुडघे अजून ऐकतात. क्रुआ द फेर नावाच्या घाटाच्या रस्त्यावर मधेच छान उतार लागतो. मी आनंदाने हवा खात खाली गेले. भाचा म्हणाला, "हे सगळं आता परत चढायचंय." हा घाटांचा चक्रवाढ व्याजाचा प्रकार आहे. गालिबिए नावाच्या घाटात, 2642 मीटरवर, माथ्याखालून बोगदा काढलाय, पण सायकलींना आत बंदी. म्हणजे ज्यांना इंजिन आहे त्यांनी डोंगराखालून जावं आणि ज्यांचा जीव कंठाशी आलाय त्यांनी डोक्यावरून. शिवाय या भागातल्या घाटांवर दर किलोमीटरला दगड असतो: पुढच्या किलोमीटरचा चढ इतके टक्के. कुंडलीत साडेसाती दिसली तरी आपले गुरुजी निदान शांत करायची सोय सांगतात. हे दगड नुसतं भविष्य सांगतात.

क्रुआ द फेरच्याच वाटेवर ग्राँमेझाँचं धरण आहे. खाली एक तळं, वर एक तळं. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढतात, 1800 मेगावॉट. भाचा कौतुकाने सांगत होता. मला त्या पाण्याची दया आली. या दरीत पाण्यालासुद्धा वर चढायला लावतात, आणि निदान त्याला पंप आहे.

त्या रात्री पायांना तेल चोळत बसले होते तेव्हा भाचेसून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही ह्याच्याबरोबर जाताच कशाला? मी लग्नानंतर एकदा गेले, बास."

"मग रविवारी तू काय करतेस?"

"रोपवेने जाते."

दुसऱ्या दिवशी भाचा पहाटे एकटाच निघाला. आम्ही दोघी पोटभर पोहे खाऊन, कपडे वाळत घालून, निवांत खालच्या आलमों गावाला गेलो. तिथून रोपवेच्या डब्यात बसून ओझला, ओझहून दुसऱ्या डब्यात बसून थेट आल्प दुएझला. घाम नाही, बाँजूर एकच, तेही बसल्या बसल्या. वर एका कॅफेच्या गच्चीत तिची ठरलेली खुर्ची होती. तिने दोन कॉफ्या आणि ब्लूबेरीचा टार्ट मागवला, फोन टेबलावर उभा ठेवला. फोनवर नकाशा, नकाशावर निळा ठिपका. ठिपका म्हणजे भाचा.

"चौदावर आहे," ती म्हणाली.

आकडे वाचायला असे मजेदार असतात हे मला तेव्हा कळलं. अकरावर असताना टार्ट आला. नवावर अर्धा संपला. सातवर ठिपका बराच वेळ हलेना, तेव्हा आम्ही जरा काळजी केली आणि दुसरी कॉफी मागवली. डच जोडप्याने सँडविच दिलं असणार, असं तिचं मत पडलं. तिसऱ्या वळणाला बशीत फक्त चुरा उरला होता, तो मी बोटाने टिपून खाल्ला.

भाचा आला तो लालबुंद, हेल्मेट काढत. रिकाम्या बशीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"गेल्या वेळेपेक्षा दीड मिनिट कमी लागलं! मावशी, पाय इतके छान चालतायत ना आज, खाली जाऊन परत एकदा येऊ का?"

"ये की," भाचेसून म्हणाली आणि वेटरला हात केला. "आम्ही अजून एक टार्ट सांगतो."